मालदीवला शिकवायला निघालीस तर

मालदीवच्या एका लहान बेटावर शाळेत नोकरी मिळतेय. सगळे मुसलमान, आपण रोज पूजा करणारे, निभेल का, आणि देव्हाऱ्यातला गणपती सोबत नेऊ का, असं विचारलंयस. गणपती नेऊ नकोस. पूजेच्या मूर्ती आणायला तिथे बंदी आहे. रिसॉर्टच्या जाहिरातींवर जाऊ नकोस, वस्तीच्या बेटांवर दारूही चालत नाही. 2008 च्या राज्यघटनेप्रमाणे मुसलमान नसलेल्याला नागरिकत्वच मिळत नाही. पण खोलीत दार लावून हात जोडलेस तर कोण बघायला येतंय? मला तरी तिथल्या सात वर्षांत कुणी विचारलं नाही.

आता लोकांचं. पहिल्या आठवड्यात तिथल्या दिवेही भाषेतले वार शिकताना मी चाटच पडले. आदीत्त, होम, अंगारा, बुद, बुरास्फती, हुकुरु, होनिहिरु. म्हणजे आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनी! आपल्या 'स', 'श'चा तिथे बऱ्याचदा 'ह' होतो, एवढं ध्यानात ठेव. जुम्म्याची नमाज शुक्राच्या नावाच्या दिवशीच पढतात, आणि राजधानी मालेतली 1658 ची, प्रवाळाचे दगड कोरून बांधलेली मशीद म्हणजे 'हुकुरु मिस्की'. आत नमाजाच्या रांगा इमारतीला तिरक्या. जुन्या देवळाच्या पायावर बांधली म्हणून, असं सांगतात.

1153 पर्यंत ही बेटं बौद्ध होती. दर महिन्याला समुद्रातून रन्नामारी नावाचा राक्षस यायचा, त्याला एक कुमारिका द्यावी लागे. एका परदेशी मुसलमानाने रात्रभर कुराण पढून त्याला पळवलं, मग राजाने धर्म बदलला, ही कथा तुला वर्गातली पोरंच सांगतील. 1343 मध्ये आलेल्या मोरोक्कोच्या प्रवासी इब्न बतूतानेही ती लिहून ठेवली आहे. तो तिथे काझी झाला, पण बायकांना अंगभर कपडे घालायला लावणं काही त्याला जमलं नाही! आज मात्र बहुतेक जणी डोकं झाकतात. तू ओढणी घेतलीस तरी पुरे.

आपण 'फुटकी कवडी' म्हणतो ना, त्या कवड्या शतकानुशतकं इथूनच बंगालला जहाजं भरभरून जायच्या.

सुट्टी शुक्रवार-शनिवार. रमजानात दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा पिऊ नकोस. जेवण म्हणजे मासा, मासा आणि मासा: सकाळी रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर, खोबऱ्यात कालवलेला टूना, त्याला 'मस हुनी' म्हणतात. तू शाकाहारी असशील तर डाळी, मसाले घरूनच ने. भाजी बोटीने येते, आणि समुद्र खवळला की येतच नाही.