खेळ संपल्यावरची पंधरा मिनिटं

प्रिय मित्रा,

झोप लागत नाही, चिडचिड वाढलीय, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, असं लिहिलंस आणि खेळायला लागू का, असं विचारलंस. जरूर लाग. पण जिममध्ये कानात हेडफोन घालून नको. ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसांबरोबरचा खेळ बघ. बॅडमिंटनची दुहेरी नवख्याला सोयीची, कारण चौथा आला नाही तर खेळ अडतो आणि त्याला फोन जातोच. तो फोन येणं हाच अर्धा उपचार.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. हा आकडा लगेच गाठू नकोस. पहिले चार आठवडे दोनच दिवस, 40-40 मिनिटं, त्यातली पहिली दहा वॉर्म-अपची: हळू धावणं, घोटे-खांदे मोकळे करणं, मग निम्म्या वेगाने छोट्या धावा. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी दोन तास जीव तोडून धावणाऱ्याचा मांडीमागचा स्नायू हमखास धरतो. मग काही आठवडे घरी, आणि मन आधीपेक्षा खाली. दुखापत झालीच तरी जाणं सोडू नकोस. गुण लिही, पंच हो. आणि रात्री दहाला अटीतटीचा सामना खेळून अकराला झोपेची वाट बघू नकोस. अंग तापलेलं असतं, डोक्यात शेवटचा गुण घोळत असतो.

खरं काम खेळ संपल्यावर होतं. बरेच पुरुष समोरासमोर बसून मनातलं बोलायला कचरतात. शेजारी बसून बुटाची नाडी सोडताना तेच सहज निघून जातं. म्हणून पंधरा मिनिटं थांब. 'कसा आहेस?' असं कुणी विचारलं की 'मस्त' म्हणून विषय मिटवू नकोस. 'चार रात्री नीट झोप नाही' एवढं सांगितलंस तरी पुरे. दुसरा असं काही बोलला तर लगेच तोडगा सुचवू नकोस, 'कधीपासून?' एवढंच विचार.

बाकी, चांगला खेळतोय म्हणजे बरा आहे, असं धरू नये. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू ग्लेन मॅक्सवेल याने ऑक्टोबर 2019 मध्ये 28 चेंडूंत 62 धावा कुटल्या आणि त्याच आठवड्यात मानसिक आरोग्यासाठी विश्रांती घेतली. दोन आठवडे उदासी हटली नाही, खेळावरूनही मन उडालं, भूक-झोप बिघडली, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटलं तर मात्र दोन तासही थांबायचं नाही. घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठ. आणि औषधं चालू झाली, तर खेळून बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नकोस.

तुझा,
दादा