चिपी विमानतळ ते लंडन हीथ्रो: अंतर किती, विमानाला किती तास लागतात?

कुडाळच्या आईबाबांना लेकाकडे लंडनला पाठवायचंय आणि प्रवासाला किती तास धरू, असं तुम्ही विचारलंय. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापासून हीथ्रोपर्यंत हवाई अंतर साधारण ७,५०० किलोमीटर. जेट विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं, म्हणजे भागाकाराने सव्वाआठ-साडेआठ तास. पण हे गणित कागदावरच राहतं, कारण चिपीहून लंडनला थेट विमान नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला खरा, पण तिथून मुंबईचंसुद्धा विमान कधी असतं, कधी नसतं. तेव्हा मुंबईपासूनच धरा.

मुंबई ते हीथ्रो सुमारे ७,२०० किलोमीटर. थेट विमान जाताना साडेनऊ-दहा तास घेतं, येताना नऊच्या आतबाहेर. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. परतीच्या विमानात समोरच्या स्क्रीनवर वेगाचा आकडा बघा, कधीकधी हजाराच्या पुढे गेलेला दिसतो.

शिवाय ७,२०० हे गोलावरच्या सर्वात जवळच्या वाटेचं अंतर. ती वाट बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं, पाकिस्तानचं भारतीय कंपन्यांना एप्रिल २०२५ मध्ये. म्हणजे वळसा आला, आणि वळसा म्हणजे वेळ. तिकीट काढायच्या दिवशी वेळापत्रकात जे तास दिसतील तेच खरे.

ते वाचताना मात्र घोळ होतो. दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६:३० ला पोचतं असं दिसलं की बाबा म्हणणार, साडेपाच तास, जेवलो की आलंच! उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. म्हणजे उन्हाळ्यात हा प्रवास दहा तासांचा झाला, हिवाळ्यात अकरा.

आता खरी गंमत. कुडाळ ते मुंबई पाचशे किलोमीटरसुद्धा नाही, आणि कोकणकन्या एक्स्प्रेसने अख्खी रात्र जाते. लंडनला जायला लागतो जवळपास तेवढाच वेळ! पावसाळी वेळापत्रक लागलं की गाडी आणखी रेंगाळते, दरड आली तर विचारूच नका. म्हणून रात्रीच्या गाडीने उतरून त्याच सकाळचं विमान, असं माझ्या मते अजिबात करू नका. एक दिवस आधी मुंबईत पोचू द्या, कोणीतरी नातेवाईक असतीलच ठाण्या-डोंबिवलीला.

नाहीतर गोव्यातलं मोपा विमानतळ गाठा. कुडाळहून गाडीने तास-सव्वातास, पुढे मुंबईचं विमान तेवढंच. फक्त लंडनपर्यंत एकच तिकीट काढा, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तरी पुढची सोय कंपनीने करायची. वेगवेगळी काढलीत आणि मुंबईत टी-१ ला (टर्मिनल १) उतरले, तर बॅगा घेऊन लंडनच्या विमानासाठी टी-२ ला (टर्मिनल २) रस्त्याने जावं लागेल. साठी ओलांडलेल्यांना व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा, लाजू नका.

परतीचं गणपतीच्या आसपास असेल तर मुंबई-कुडाळ रेल्वेचं आधी बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि लगेच वेटिंग लागतं. लंडनचं तिकीट त्यानंतरही मिळेल.