बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आईचं काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती आजी गेल्या, तुम्ही दफनाला गेलात, महिन्याच्या मिस्सालाही (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) त्यांच्या घरच्यांनी तुम्हाला बोलावलंय. त्याच आठवड्यात ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, की बाप्तिस्मा न घेता जाणारा माणूस थेट नरकात जातो. तुमची आई मागच्या वर्षी गेली. म्हणजे हे नुसतं कुतूहल नाही. तुम्ही असंही विचारलंय, की मेल्याबरोबर न्याय होत असेल तर महिनाभराने प्रार्थना कशाला.

मी मालाडच्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, सव्वीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण देतोय. वडील मनोरीचे, ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातले) कॅथलिक. आई नगरची, मिशनच्या शाळेत वाढलेली प्रोटेस्टंट. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न मी लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकत आलोय.

आधी तुमच्या आईचं. अमुक माणूस नरकात आहे, असं कॅथलिक चर्चने आजवर कोणाहीबद्दल नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. संत म्हणून हजारोंची नावं जाहीर केली, नरकातलं मात्र एकही नाही. नरक आहे अशी शिकवण आहे, ती मी लपवणार नाही. पण देवाला पूर्ण ओळखून, समजून-उमजून, शेवटपर्यंत ज्याने त्याच्याकडे पाठ फिरवली त्याची ती अवस्था. बाप्तिस्म्याचा दाखला नाही म्हणून कोणाला तिकडे ढकललं जातं, असं नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी हे लेखी मांडलं: ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वागायचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण, म्हणजे मुक्ती, मिळू शकतं. हे तारण येशूमुळेच मिळतं अशी आमची श्रद्धा आहे, त्याला वळसा घालून नाही. पण तो कोणापर्यंत कसा पोहोचतो, हे त्याच्याच हातात.

तुमची मैत्रीण कुठल्या चर्चला जाते, माहीत नाही. येशूवर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, असं मानणाऱ्या मंडळ्या आहेत. ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ या येशूच्या वाक्यावर त्यांचा भर असतो, आणि त्या ते प्रामाणिकपणे मानतात. पण आई गेलेल्या मुलीला असं तोंडावर सांगणं मला पटत नाही. न्यायाचं आसन देवाचं आहे, त्यावर आपण बसू नये.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, २५ व्या अध्यायात, येशूने शेवटच्या न्यायाचं चित्र रंगवलंय. मी मुलांना दरवर्षी ते वाचायला लावतो आणि एका जागी थांबवतो. राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. आजारी होतो, माझी विचारपूस केलीत. तुरुंगात होतो, भेटायला आलात. त्यावर ते लोक चक्रावून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? ज्याची सेवा केली तो कोण, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं! तुमची आई शेजारच्या बाळंतिणीला डबा पोचवायची, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते वाचताना मला हाच अध्याय आठवला.

आता महिन्याचा मिस्सा. कॅथलिक शिकवणीप्रमाणे माणूस गेला, की त्याचा वैयक्तिक न्याय लगेच होतो. जगाच्या अंती सगळ्यांचा मिळून अंतिम न्याय होतो. या दोन्हींच्या मधे काहींच्या वाट्याला शुद्धीस्थान येतं. याबद्दल लोकांचा फार घोळ होतो. हा अर्धा नरक नव्हे, दुसरी संधीही नव्हे. तिथे असलेला प्रत्येक जण स्वर्गातच जाणार असतो, फक्त अजून तयार नसतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर वडिलांना काही दिवस काळा चष्मा लावावा लागला होता. डोळे चांगले झाले होते, पण उजेड सोसत नव्हता. मला शुद्धीस्थान तसं वाटतं. त्या वाटेवरच्या माणसाला आपल्या प्रार्थनेची सोबत होते, म्हणून तो मिस्सा.

माझ्या आईला हे कधीच मान्य झालं नाही. ती म्हणायची, क्रूसावर सगळं फिटलं, आता काय धुवायचं राहिलं? आमच्या कपाटात दोन बायबल होती, तिचं ६६ पुस्तकांचं, वडिलांचं ७३ पुस्तकांचं. मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे आणि ते पुस्तक तिच्या बायबलमध्ये नव्हतंच. पण वडील गेले तेव्हा महिन्याच्या मिस्साला ती पहिल्या बाकावर बसली. प्रार्थना म्हटली नाही, मान खाली घालून होती.

तुम्ही ‘आत्म्याचं पुढे काय होतं’ असं विचारलंय. इथे आपल्यात खरा फरक आहे, आणि पुष्कळ ख्रिस्ती लोकही तो विसरतात. आमची अंतिम आशा शरीरातून सुटण्याची नाही, शरीरासकट उठण्याची आहे. मुंबईत कबरीला जागा कायमची मिळत नाही. मुदत संपली की कबर उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आमच्याकडे त्याला ‘निश’ म्हणतात. वडिलांची कबर उघडली तेव्हा मी उभा होतो. खणणाऱ्याने पांढऱ्या कापडावर एकेक हाड ठेवलं. मांडीच्या हाडाला स्टीलची पट्टी होती, चार स्क्रू तसेच घट्ट. तरुणपणी होडीवरून पडले होते, तेव्हा बसवलेली. कवटीवरून मी त्यांना ओळखलं नसतं, त्या पट्टीवरून ओळखलं. हा माणूस परत उभा राहणार, हे त्या क्षणी मानणं मला फार जड गेलं. येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १५ व्या अध्यायात, बियाण्याचा दाखला दिलाय: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच, पण त्याच दाण्याचं. त्या दिवशी घरी येऊन मी तो अध्याय मोठ्याने वाचला.

तुमच्या आईचं दहन झालं, त्याने यात काहीही अडत नाही. कॅथलिकांनाही १९६३ पासून दहनाची परवानगी आहे. ज्याने मातीतून घडवलं त्याला राखेचं काय अवघड?

आजींच्या महिन्याच्या मिस्साला जरूर जा. मागे बसलात तरी चालेल, इतर उठतील-बसतील तसं करा. फक्त कम्युनियन (वेदीपाशी वाटला जाणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यायला जाऊ नका, बाकी कसलं बंधन नाही. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, तेव्हा घरच्यांबरोबर आजींच्या कबरीवर मेणबत्ती लावता येईल. आणि अजून एक. मिस्सा कोणासाठीही अर्पण करता येतो, जिवंत असो वा मृत, ख्रिस्ती असो वा नसो. चर्चच्या कायद्यातल्या ९०१ व्या कलमात तशी मोकळीक आहे. पॅरिश ऑफिसात जा, आईचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. एकटीला अवघड वाटलं तर मला निरोप करा, मी बरोबर येईन.