आयफोन सोडतोय, गाण्यांचं काय?

प्रश्न : गेली दहा वर्षं आयफोन वापरतोय, आता अँड्रॉइड घेतलाय. विंडोजच्या लॅपटॉपवर आयट्यून्समध्ये अडीच हजार गाणी आहेत, निम्मी जुन्या सीडींवरून घेतलेली, काही विकत घेतलेली, आणि मेहनतीने बनवलेल्या प्लेलिस्ट. फोटो आयक्लाउडवर. नवा फोन आयट्यून्सला जोडला तर दिसतच नाही. सगळं परत पहिल्यापासून करायचं का?

उत्तर : नाही हो. आयट्यून्सला अँड्रॉइड दिसणारच नाही, तिथे वाट बघत बसू नका. इकडे सिंक नाही, सरळ कॉपी-पेस्ट. केबल लावा, फोनवर जी यूएसबीची सूचना येते त्यात फाइल ट्रान्सफर निवडा आणि गाण्यांचं फोल्डर उचलून फोनच्या म्युझिक फोल्डरमध्ये टाका, झालं. त्याआधी आयट्यून्समध्ये कन्सॉलिडेट फाइल्स करून सगळी गाणी एकाच फोल्डरमध्ये जमा करून घ्या, कारण वर्षानुवर्षं गाणी दहा ठिकाणी पडलेली असतात आणि लायब्ररीत मात्र एकत्र दिसतात.

सीडीवरून घेतलेली एएसी (आयट्यून्सचा नेहमीचा फाइल प्रकार) गाणी अँड्रॉइडवर बिनतक्रार वाजतात. अ‍ॅपल लॉसलेसमध्ये (दर्जा न घटवता गाणं साठवणारा अ‍ॅपलचा प्रकार) घेतली असतील तर फोनचा स्वतःचा प्लेअर कधीकधी रुसतो, मग व्हीएलसी हे प्लेअर अ‍ॅप टाका. विकत घेतलेल्या गाण्यांमध्ये 2009 च्या आधीची तेवढी तपासा, तोवर बऱ्याच गाण्यांना कुलूप असायचं. आयट्यून्समध्ये काइंडच्या रकान्यात 'प्रोटेक्टेड' दिसलं की समजा हे बाहेर वाजणार नाही. अशी गाणी ऑडिओ सीडीवर बर्न करून परत इम्पोर्ट केली की कुलूप जातं, कंटाळवाणं काम आहे पण होतं. विकत घेतलेले सिनेमे मात्र फाइल म्हणून न्यायचा नादच सोडा.

प्लेलिस्टमध्ये खरी मेख आहे. एक्सपोर्ट प्लेलिस्ट करून एम३यू८ या प्लेलिस्ट-फाइलच्या प्रकारात सेव्ह करा, साध्या एम३यू मध्ये देवनागरी नावांचा चुथडा होतो. पण त्या फाइलीत प्रत्येक गाण्याचा लॅपटॉपवरचा अख्खा पत्ता असतो, सी ड्राइव्हपासून, तो फोनला काय कळणार, म्हणून लोक म्हणतात प्लेलिस्ट रिकामी आली. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, रिप्लेस वापरून पत्त्याचा गाण्यांच्या फोल्डरपर्यंतचा सुरुवातीचा भाग उडवा, उलट्या तिरक्या रेघा सरळ करा, आणि फाइल गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अख्खी संध्याकाळ गेली, नंतरच्या प्लेलिस्टला दोन मिनिटं. गाण्यांना दिलेले स्टार आणि किती वेळा ऐकलं ते आकडे या कॉपीत येत नाहीत, वाईट वाटतं, पण सोडून द्या.

फोटोंचं बघा. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनात बऱ्याच फोटोंची छोटी आवृत्तीच असते, मूळ फोटो आयक्लाउडवर. म्हणजे केबलने कॉपी केलं तर अर्धंच हाती लागतं. त्यापेक्षा अ‍ॅपलच्या डेटा अँड प्रायव्हसी पानावर लॉगिन करून गुगल फोटोजला कॉपी पाठवायची विनंती टाका. तीन ते सात दिवस धरून चाला. आधी गुगलवर जागा आहे का बघा, फुकटात 15 जीबीच मिळते आणि त्यात जीमेलपण मोजतात. आयक्लाउडवरचं काही पुसलं जात नाही, ती फक्त कॉपी असते. लाइव्ह फोटो (आयफोनचे क्षणभर हलणारे फोटो) मात्र तिथे हलतील अशी आशा ठेवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटचं काम मागे ठेवू नका, बहुतेक वेळा नवा फोन सेटअप करतानाच केबलने दोन्ही फोन जोडून ते करायचं असतं. तुम्ही सेटअप उरकून बसला असाल तर फोन रीसेट करून परत तिथून सुरू करावं लागू शकतं, म्हणून गाणी टाकायच्या आधीच हे संपवा.

आणि सिम काढायच्या आधी जुन्या फोनवर आयमेसेज (अ‍ॅपलची स्वतःची मेसेज सेवा) बंद करा, नाहीतर आयफोनवाल्या मित्रांचे मेसेज जुन्याच पत्त्यावर जात राहतील आणि तुम्ही म्हणाल कोणी विचारतच नाही. जुना फोन महिनाभर तरी विकू नका.