विश्वास कमी पडला म्हणून बाग गेली का?

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

आपण लिहिले आहे की तासगावकडील आपली द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना सलग पाऊस लागला, दावण्या आणि घडकूज या बुरशीजन्य रोगांनी माल हातचा गेला, आणि घरात रोज रात्री प्रार्थना चालू असताना हे सारे घडले. पुढे संजीवन सभेला आलेल्या एका पाहुण्या वक्त्याने सर्वांसमक्ष आपला विश्वास कमी पडल्याचे सांगितले. तेव्हापासून शास्त्र उघडले तरी मन लागत नाही. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, आणि या वर्षी दशमांशाचे, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे काय, असे आपण विचारले आहे. मी मिरजेकडच्या एका ख्रिस्ती मंडळीत अनेक वर्षे वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा सेवक, म्हणून सेवा करीत आहे आणि माझी सासुरवाडी द्राक्षपट्ट्यातलीच असल्यामुळे बागेतील कामे जवळून पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्याने त्या वक्त्याचे म्हणणे बाजूला ठेवू, कारण ते मनात असेपर्यंत पुढचे काही ऐकू येणार नाही. शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच काढला आणि त्याचे उत्तर “नाही” असे दिले. लूकच्या तेराव्या अध्यायात हे आहे. जन्मांधाविषयी शिष्यांनी “पाप कोणी केले?” असे विचारले, तेव्हाही त्याने तो हिशेब मान्य केला नाही. आपल्या शिवारातही ज्यांच्या बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन होते त्यांचे नुकसान कमी झाले असेल आणि ज्यांना तो खर्च झेपला नाही त्यांचे जास्त, मग ते चर्चला जाणारे असोत वा नसोत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेने पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत चढले. ते घरांत शिरताना कोणाचा विश्वास किती हे विचारून शिरले नाही. दुसऱ्याच्या संकटावरून त्याच्या विश्वासाचे माप काढणाऱ्यांना ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देवाने काय सुनावले, ते त्या वक्त्याने एकदा वाचावे.

मुळात विश्वास ही मोजून साठवण्याची वस्तू आहे, ही समजूतच आपल्याला छळते आहे असे मला वाटते. “आमचा विश्वास वाढवा” असे प्रेषितांनी म्हटले, तेव्हा प्रभूने मोहरीच्या दाण्याचे उदाहरण दिले, म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्याकडे बोट दाखवले, विश्वासाच्या आकाराकडे नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाचा बाप तर विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात कबूल करतो, आणि तरीही त्याचा मुलगा बरा होतो. मन लागत नसतानाही आपण हा प्रश्न घेऊन आलात. त्या बापाच्या रांगेत आपण उभेच आहात.

आता आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचे पुस्तक सांगतो. जुन्या करारातील हबक्कूक हे अवघ्या तीन अध्यायांचे पुस्तक आहे आणि ते स्तुतीने नव्हे, तक्रारीने सुरू होते: मी किती काळ हाक मारू आणि तू ऐकणार नाहीस? देवाचे उत्तर येते ते खास्दी, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या स्वारीचे, म्हणजे आधीच्या दुःखाहून भयंकर. संदेष्टा पुन्हा वाद घालतो, मग पहाऱ्याच्या जागी उभा राहून उत्तराची वाट पाहतो, आणि तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो जी यादी करतो ती तासगावच्या माणसाने नीट वाचावी. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे उत्पन्न बुडाले, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पुढच्या हंगामात दुप्पट माल येईल असे आश्वासन त्यात कोठेही नाही, आणि आपल्याकडच्या पुष्कळ उपदेशांत नेमके तेच घुसडले जाते. हबक्कूकाचा भरवसा पिकावर नव्हता, म्हणून पीक गेल्यावर तो गेला नाही. पण तेथे पोहोचण्याआधी त्याने आपली तक्रार पूर्ण मांडली, ती गिळून टाकली नाही. म्हणून काही आठवडे आपल्या प्रार्थनेत आभाराची ठरीव वाक्ये नसली तरी चालतील. सोसायटीचे कर्ज किती, औषधवाल्याची उधारी किती, राग कोणाचा आला, हे सरळ शब्दांत देवाला सांगावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

वाढीविषयी योहानाच्या पंधराव्या अध्यायातील, फळ देणारा फाटा अधिक फळासाठी छाटला जातो असे सांगणारा द्राक्षवेलीचा दाखला आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेत काही दिवस नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड हात, दिसतात, मग काड्या आणि पाने येतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की यंदा येथे फळाचे काही लक्षण नाही. परंतु ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर येतो तो त्या उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात तयार होत असतो, आणि तो पाहायचा तर काडी प्रयोगशाळेत देऊन डोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. कोरड्या वाटणाऱ्या वाचनाच्या काळाविषयी मला असेच वाटते. मात्र पाऊस हीच देवाने केलेली छाटणी, असा अर्थ मी काढत नाही आणि आपणही कोणाला काढू देऊ नये. त्या अध्यायात प्रभू आपल्या वचनाने शिष्य शुद्ध झाल्याचे सांगतो, कोणाच्या नुकसानीने नाही.

प्रत्यक्षात काय करावे? मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. त्यातील एकेक प्रसंग संध्याकाळी घरात मोठ्याने वाचावा, आणि प्रकटीकरण हे शेवटचे, गूढ पुस्तक तूर्त राहू द्यावे. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, एका दिवसापुरताच गोळा करायचा होता, उरवून ठेवलेल्यात किडे पडले. संपूर्ण वर्षाचा भरवसा आजच मागू नये. पंचनामा, विमा आणि कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज ही कामे वेळेत करावीत, कारण ती न करणे हा विश्वासाचा पुरावा नव्हे.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. विरळणी आणि डिपिंगला (घड औषधी द्रावणात बुडवण्याच्या कामाला) आलेल्या बायांची मजुरी राहिली असेल तर हाती येणाऱ्या पैशातून ती आधी द्यावी. रोखून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी पोहोचते, असे याकोबाच्या पाचव्या अध्यायात आहे. स्वतःची चणचण असताना दुसऱ्याचे देणे चुकते करताना देवावर जितके टेकावे लागते, तितके सभेत हात उंचावताना लागत नाही.

मंडळीपासून दूर राहू नये, हे आपल्याला कठीण वाटेल हे मी जाणतो. १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये, आपल्या पावलांनी चालत येऊन घेतला. मधल्या वर्षांना कोणी अविश्वास म्हणत नाही. टिळकांनी पुढे १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. त्यांची भजने आपल्या उपासनेत आहेतच. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा मंडळीबरोबर ती म्हणावीत, दुसऱ्यांचा आवाज तेवढा वेळ आपल्याला उचलून धरतो. पाळकांना एकांतात भेटून सभेत काय झाले ते सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी वक्ता बोलावताना ते विचार करतील.

दशमांशाविषयी: तो उत्पन्नातून असतो, आणि उत्पन्नच नाही तर देणेही नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही. कर्ज काढून, विशेषतः बी पेरल्यास शंभरपट मिळेल अशा भाषेला भुलून, कोणालाही काही देऊ नये. हंगामाच्या सणाला परसातली मेथीची जुडी नेऊन ठेवली तरी चालेल, आणि कोणी काही बोलले तर माझ्याकडे पाठवावे.