कोणत्या तारखेला गेले?

बेटा,

तुझं पत्र आलं. नागपूरची मंडळी एप्रिलमध्ये शिवडी, ऐरोली आणि अलिबागजवळच्या अक्षीला पक्षी बघायला निघाली आहेत. तुलाही बोलावलं आहे. जाण्यायेण्यापुरते पैसे तू साठवलेस, पण घरी मोहफुलांचे दिवस आणि आईला एकटीला टाकून जावंसं वाटत नाही. जाऊ की नको, असं विचारलंस. त्याचं उत्तर देतो. पण आधी तू ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याबद्दल बोलू दे. "तसंही आपल्या तळ्यावर आता काय उरलंय, सगळे पक्षी गेले."

कोणत्या तारखेला गेले?

पट्टकदंब कधी गेले? थापट्या कधी गेले? तलवार बदकांचा शेवटचा थवा तू कोणत्या दिवशी पाहिलास, आणि त्यानंतर तळ्यावर जाऊन ते नाहीत याची खात्री किती वेळा केलीस? तुझी वही मी पाहिली आहे. नोव्हेंबरची पानं गच्च भरलेली, जानेवारीतली तर फार सुरेख. मार्चच्या मध्यावर वही थांबते. पक्षी थांबले म्हणून नाही, तू जायची थांबलीस म्हणून.

तुला एकटीला बोलत नाही. आपल्याकडं सगळ्यांचं हेच आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तेव्हा मामा तलावांच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या पाळीवर दुर्बिणी आणि टेलिस्कोप घेऊन माणसं येतात, चांगलं काम करतात. सारस बघायला गोंदियाकडं लोक लांबलांबून येतात. मग ऊन चढतं, पाणी खाली जातं, आणि तळं एकदम सगळ्यांच्या मनातून उतरतं. जानेवारीचा आकडा आपल्याजवळ आहे, एप्रिलचा नाही. आल्याची तारीख आहे, गेल्याची नाही. आणि मग तीच माणसं भाषणात सांगतात, की हवामान बदललं, पक्षी आता लवकर जातात. लवकर म्हणजे कधीपेक्षा? मागच्या वीस वर्षांत ते कधी जात होते, हे कुणी लिहिलं आहे? खरंही असेल त्यांचं. पण दाखवणार कशावरून?

येणारा पक्षी कुणालाही दिसतो. काल पाणी मोकळं होतं, आज त्यावर बदकं आहेत, एवढं तर पाळीवर म्हशी चारणाऱ्या पोरालाही कळतं. जाणाऱ्याचं तसं नाही. शेवटचा दिवस हा शेवटचा आहे, हे त्या दिवशी कळतच नाही. पुढं जाऊन, बघून, काहीच न दिसल्यावर मग तो मागं वळून ठरतो. म्हणून शेवटची तारीख हवी असेल तर रिकाम्या तळ्यावर जावं लागतं. माझा नियम साधा आहे. सलग तीन फेऱ्यांत एखादी जात दिसली नाही, तिच्यापुढं तिन्ही वेळा शून्य लिहिलं, की मगच त्याच्या आधीची तारीख शेवटची म्हणून अधोरेखित करायची. शून्य लिहिल्याशिवाय शेवटची तारीख खरी होत नाही. हे मी तुला याआधीही सांगितलंय, आता लिहून देतो.

मी पाटबंधारे खात्यात होतो हे तुला माहीत आहे. तलावाची पाणीपातळी लिहिणं हे माझं काम. पावसाळा असो की मे महिना, पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि रजिस्टरमध्ये टाकायचा. पाणी नसलं तरी "पाणी नाही" असं लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. पक्ष्यांचं मी तिथूनच शिकलो. सुरुवातीला त्याच पानाच्या कडेला बारीक अक्षरात बदकांची नावं टाकत होतो. एका साहेबांना ते आवडलं नाही, सरकारी रजिस्टर आहे म्हणाले. मी वेगळी वही घेतली, पण रकाने तेच ठेवले: तारीख, वेळ, पाणी, गाळ किती उघडा पडला, पक्षी. पाण्याचा रकाना तूही सोडू नकोस. बदकं जातात तेव्हा पाणी कुठवर होतं आणि टिलवे, म्हणजे ते चिखलातले चिमुकले पक्षी, उतरतात तेव्हा गाळ किती उघडा होता, हे शेजारीशेजारी असलं तरच पुढं कुणाच्या कामाचं.

त्या वहीच्याही आधीचं मात्र गेलं ते गेलंच. आमच्या तळ्यावर एक म्हातारे ढिवर होते. जाळं टाकता टाकता ते मला सांगायचे, "आखाजीपावतर कांड्या बसून राहत जी, आवाजानं रातभर झोप नाही लागे." कांड्या म्हणजे कांड्या करकोचे. मी नोकरीत लागलो तेव्हा ते थवे नव्हते. कोणत्या वर्षापर्यंत थांबत होते, कोणत्या साली आलेच नाहीत, हे त्यांना सांगता येईना. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळं खरं होतं, त्यातलं एकही कुठं लिहिलेलं नव्हतं. ते वारले त्या वर्षापासून मला या गोष्टीची जी चुटपुट लागली आहे, ती अजून जात नाही. तुझ्या गावातही असे म्हातारे असतील. त्यांना सण विचार. महिना त्यांना आठवणार नाही, पण होळीच्या आधी की नंतर, पहिला मोह पडला तेव्हा की तेंदूपत्त्याच्या वेळी, हे नक्की आठवेल.

आता समुद्राचं. जा. आईला सांग, मी सांगितलं म्हणून. मोहफुलं चार दिवस मावशीकडची पोरं वेचू लागतील, मी बोलतो त्यांच्याशी. समुद्र मी निवृत्त झाल्यावर पाहिला, आणि तो तिशीत पाहायला मिळायला हवा होता, असं मला आजही वाटतं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तिथं छोट्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे मेअखेरपर्यंत, पाऊस तोंडावर येईपर्यंत असतात. लाखाच्या घरात पक्षी एका चिखलावर म्हणजे काय, हे इथं बसून कळत नाही. पण तू रोहितांकडं बघत दिवस घालवू नकोस, ते सगळेच बघतील. तू चिखलातल्या लहान पक्ष्यांकडं बघ.

भरतीची वेळ न बघता खाडीवर जाणारे लोक अर्धा दिवस फुकट घालवतात. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी ठिपक्यांएवढे लांब जातात. पाणी चढायला लागलं की ते काठाकडं ढकलले जातात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास धरायचे, आणि उतरतानाचे पहिले दोन. वेळ काढायला मोबाइल लागत नाही, पंचांग पुरतं. तिथीला पाऊणनं गुण, भरतीचा तास येतो, दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. कोकणातल्या कोळ्यांचा हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी जुळतो. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी खूप चढतं. अष्टमीला भांग, चढउतार कमी. मंडळींनी तारीख ठरवताना हे पाहिलं आहे का, विचार. पाहिलं नसेल तर तू सांग, लाजू नकोस.

अक्षीला वाळू आहे, मागं सुरूची झाडं आहेत. तिथं कुरव, म्हणजे सीगल, बघ. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरंच असतं, कानामागं एक डाग तेवढा. एप्रिलमध्ये ते चॉकलेटी होतं. चिखल्यांच्या छातीवर नारिंगी पट्टा चढतो. कर्ल्यू सँडपायपर हिवाळाभर करडा असतो, तो विटेसारखा लाल होतो. एकाच थव्यात काही पूर्ण रंगलेले, काही अर्धे, काही तसेच करडे दिसतील. हे लिही. नुसतं नाव आणि आकडा लिहून परत येऊ नकोस. किती रंगले होते ते लिही, कारण निघायची तयारी त्या पिसांवर वाचता येते.

आणि एक गोष्ट मंडळींपुढं ठामपणे बोलायची आहे. थवा उठवायचा नाही. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून धावत जाणारे असतात, टाळ्या वाजवणारेही असतात. हे पक्षी त्या दिवसांत पुढच्या हजारो किलोमीटरांसाठी अंगावर चरबी चढवत असतात. भरतीमुळं खायचे तास आधीच मोजके. त्यात तुम्ही त्यांना उठवलं, की चिखलातून मिळवलेलं हवेत जातं. जो टिलवा मुठीत मावेल, ज्याचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास, त्याला सायबेरियाच्या टोकाला जायचं आहे. कुणी ऐकलं नाही तर तू बाजूला जाऊन बस. एकटं बसायची सवय तुला आहे.

किनाऱ्यावर शेवटची तारीख काढणं मात्र कठीण आहे, हे तिथं गेल्यावर तुझ्या लक्षात येईल. चिखल्या, कुरल अशांची पहिल्या वर्षाची पिल्लं पुष्कळदा उत्तरेला जातच नाहीत, उन्हाळा किनाऱ्यावरच काढतात. म्हणून जूनमध्येही तिथं काही ना काही असतं, आणि गेले कोण, राहिले कोण, हे कळायला फार बारीक नजर लागते. आपल्या तळ्यावर असं होत नाही. इथं मेमध्ये गाळ भेगाळतो, पाणी मधल्या खड्ड्यात जातं, राहणाऱ्याला राहायला जागा नसते. इथं गेलेला पक्षी खरोखर गेलेला असतो. मुंबईच्या माणसाला जे काढायला जड, ते तुला घरापासून सायकलवर काढता येतं. आणि तू म्हणतेस, काय उरलंय!

काय उरलंय ते सांगतो. बदकं आणि पट्टकदंब आधी जातात. पण टिलव्याचं घरटं थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात, तिथला बर्फ जूनमध्ये हटतो. लवकर जाऊन त्यानं काय खायचं? म्हणून तो एप्रिलभर आणि मेच्या सुरुवातीपर्यंत आपल्या गाळावर सापडतो. ठिपकेदार तुतवार, काळ्या शेपटीचे मालगुजे, पिवळे धोबी हेही थांबतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, पळसाचा बहर सरला तरी आंब्या-वडावर कलकलत असतात. ज्या गाळावर लोक गाळपेर करतात, त्याच्या खालच्या ओल्या पट्टीवर बघ. अक्षीला मी गेलो होतो तेव्हा सोबतची मंडळी लालसर टिलवा पाहून हरखून गेली, पुस्तकातच पाहिला होता म्हणाली. मी तो आमच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, कितीतरी वर्षं पाहत होतो, कारण मी एप्रिलमध्ये जात होतो. दुसरं काही कारण नाही.

यावरून घरात काय काय ऐकलं ते तुला ठाऊक आहे. लग्नसराईत संध्याकाळी माणूस मांडवात नाही, आटलेल्या तळ्याच्या पाळीवर आहे. साळ्यांनी रुसवे धरले, एकानं बरेच दिवस बोलणं टाकलं. पण संध्याकाळ सोडता येत नव्हती. हे चिखलातले पक्षी बहुधा दिवस मावळायच्या सुमारास निघतात. आधी अस्वस्थ होतात, उठतात, बसतात, ओरडतात, मग एक लहान थवा वर चढतो आणि परत उतरत नाही. अक्षता पुढच्या वर्षीही टाकता येतात, कुणाच्या तरी लग्नात. त्या संध्याकाळची नोंद पुन्हा होत नाही. मी बरोबर होतो, आणि हे मी आज शांतपणे म्हणतो. तुला कुणी म्हणालं, की पोरीची जात, आटलेल्या तळ्यावर एकटी काय बसते, तर लहान बहिणीला सोबत घे, पण बसणं सोडू नकोस.

कॅमेऱ्याचं तू लिहिलंस. नको. दुर्बीण माझी घेऊन जा, मला आता वही पुरते. ई-बर्डवर, त्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकतेस ते चांगलंच आहे, टाक. पण पूर्ण यादी टाक, आणि मेमधलीही टाक. दोनच जाती दिसल्या तरी दोनच जातींची टाक. लोकांना ती यादी गरीब वाटते. माझ्या मते वर्षातली सगळ्यात मोलाची यादी तीच असते.

तर असं कर. निघायच्या आधी दोन दिवस तळ्यावर जाऊन ये, टिलवे मोज, रंग लिही. परत आलीस की सामान टाकून दुसऱ्या सकाळी पुन्हा जा. मधले दिवस बहिणीला सांगून ठेव, तिला टिलवा ओळखता येतो, तू नसताना तिनं नुसतं "आहे" किंवा "नाही" लिहिलं तरी चालेल. आणि मग तीन शून्यं येईपर्यंत सोडू नकोस, ऊन कितीही असलं तरी. पहाटे साडेपाचला निघालीस तर आठच्या आत घरी येशील, मोह वेचणाऱ्या बायका तशाही त्याच वेळी वाटेवर असतात.

तिकीट गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसचं काढ, रातभराचा प्रवास आहे, सकाळी मुंबईत उतरवते. तारखा नक्की झाल्या की लगेच कळव. त्या दिवसांच्या तिथी पाहून भरतीच्या वेळा मी काढून ठेवतो. तूही काढ, माझं बघून नको, आणि दोघांच्या जुळत नसतील तर फोन कर. दुर्बीण घ्यायला रविवारी ये, सोबत वहीही आण. मार्चची कोरी पानं तशीच राहू दे, मागाहून आठवून भरू नकोस.

तुझा,
काका