दार आतून लावलंय

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. परवापरवापर्यंत अंघोळ झाली की उघडीच घरभर पळणारी तुझी लेक आता आठ वर्षांची झाली आणि न्हाणीघराचं दार आतून लावून घेऊ लागली. तू बाहेरून "पाठ चोळून देऊ का?" विचारलंस, तर म्हणाली, "नको बाबा, आत येऊ नका." घरातले हसले. तू हसला नाहीस, तुला लागलं. ज्या हातांनी तिला न्हाऊ घातलं ते एकाएकी परके कसे झाले, हे तू सरळ लिहिलंस, त्याचं मला बरं वाटलं. बहुतेक बाप हे मनातच ठेवतात आणि मग दारावर थापा मारून राग काढतात.

तुझं काहीही चुकलेलं नाही. तिचंही नाही.

दीड-दोन वर्षांचं मूल आरशातल्या स्वतःला ओळखायला लागतं. हे आपण, हे आपलं अंग, ही जाणीव तिथे कुठेतरी सुरू होते. पण दुसरा आपल्याकडे बघतो आहे आणि बघून काही ठरवतो आहे, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागतात. साधारण पाच ते आठ या वयात बऱ्याच मुलांना आडोसा हवासा वाटू लागतो. कुणाला आधी, कुणाला उशिरा. एकाच घरातल्या दोन भावंडांचंही सारखं नसतं. काही मुलं तर आज दार लावतात आणि उद्या टॉवेल विसरून तशीच बाहेर येतात, तेव्हा "आज नाही का लाज वाटत?" असं विचारायचं नाही. टॉवेल द्यायचा, झालं.

पुढचं वयही फार लांब नाही. मुलींच्या शरीरातले बदल साधारण आठ ते तेरा आणि मुलांचे नऊ ते चौदा या वयात सुरू होतात. मुलींमध्ये छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. (मुलीत आठच्या आधी किंवा मुलात नऊच्या आधी बदल दिसू लागले तर डॉक्टरांना दाखवावं.) म्हणजे तिच्याशी बोलायची वेळ आलीच आहे, आणि ते तिच्या आईनेच बोलायला हवं असा काही नियम नाही. पाळी म्हणजे काय हे बापाकडून शांतपणे ऐकलेली मुलगी पुढे बापाला पॅड आणायला सांगताना अडखळत नाही.

आता माझी एक चूक सांगते. माझा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना पोहायला जायचंच नाही म्हणाला. घरातही शर्ट काढेना. मी चार नातेवाइकांसमोर म्हणाले, "बघा, आमचा मुलगा मुलीसारखा लाजायला लागला." सगळे हसले, तोही हसला. काही महिन्यांनी डॉक्टरांकडे दुसऱ्याच कारणासाठी गेलो, तेव्हा त्याने खाली मान घालून त्यांना सांगितलं की छातीत गाठ आहे आणि दुखते. वयात येताना जवळपास निम्म्या मुलांच्या छातीला अशी थोडी सूज येते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. डॉक्टरांनी हे दोन मिनिटांत समजावलं. पण तोवर इतके महिने तो पोर आपल्याला काहीतरी भयंकर आजार झालाय असं धरून एकटा झोपत होता. मला का सांगितलं नाही, हे मी त्याला विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

म्हणून कळकळीने सांगते, घरात या विषयावर थट्टा बंद कर. तुझ्या आईलाही सांग. त्या प्रेमानेच म्हणतात, "अगं, तुझं काय ते मीच धुतलंय." खरंच धुतलंय. पण त्यामुळे आज बघायचा हक्क मिळत नाही. त्यांना उपदेश करू नकोस, एवढंच म्हण, "आई, तिला आता आवडत नाही, आपण असं नको बोलूया." आणि हे लेकीच्या समोर म्हण. बाबा आपल्या बाजूने बोलले, हे तिने ऐकायला हवं.

आडोसा आणि लाज या दोन गोष्टी आपल्या घरांत फार लवकर एक होतात. "शी, झाक ते!" असं ओरडलं की मुलाला वाटतं आपल्या अंगात काहीतरी घाण आहे. "पाहुणे आलेत, कपडे घाल" म्हटलं की तेवढंच कळतं, जेवढं कळायला हवं. म्हणूनच अवयवांची खरी नावं तिला माहीत असू दे. हात, गुडघा, कोपर यांच्या रांगेत योनी आणि शिश्न हे शब्दही यावेत, त्याच आवाजात. ज्या अवयवाला घरात नावच नाही, तिथे दुखलं-खुपलं किंवा कुणी हात लावला तर मूल सांगणार कोणत्या शब्दांत? आणि मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो, ओळखीतला किंवा घरातलाच असतो. "अनोळखी माणसापासून सावध राहा" एवढ्यावर थांबलेली शिकवण म्हणूनच अपुरी पडते.

तिला माहीत हवं ते असं: अंगाला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि हा नियम बाबांनाही लागू. डॉक्टर तपासतील तेव्हा आई किंवा बाबा जवळ असतील आणि डॉक्टर काय करणार ते आधी सांगतील. वाढदिवसाची गंमत थोडे दिवस लपवली तर चालते, कारण ती नंतर सगळ्यांना कळणारच असते. पण अंगाला हात लावण्याबद्दल कुणी "कुणाला सांगू नकोस" म्हटलं तर ते घरी सांगायचंच, कितीही उशिरा सांगितलं तरी कुणी रागावणार नाही. आणि आत्याला पापी द्यायची नसेल तर हात हलवून नमस्कार केला तरी पुरे. एकीकडे "नाही म्हणायला शीक" सांगायचं आणि दुसरीकडे पाहुण्यांसमोर मांडीवर ढकलायचं, यातलं खरं कुठलं हे मूल बरोबर ओळखतं.

जागेचं तू लिहिलंस. दोन खोल्यांत पाच माणसं, खासगीपणा आणणार कुठून? भिंतीच लागतात असं नाही रे. पाठ फिरवणं, पडदा ओढणं, "मी कपडे बदलतेय" म्हटल्यावर दोन मिनिटं बाहेर थांबणं, यातूनही आडोसा होतो. मोठ्यांनी घरात किती झाकून वावरावं याचं एकच माप मला सांगता येणार नाही, प्रत्येक घराची रीत वेगळी. ज्याला सगळ्यात जास्त अवघडतं त्याच्या कलाने घ्यावं, मग तो सर्वांत लहान का असेना.

फोनमधले तिचे अंघोळीचे जुने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर असतील तर काढून टाक. इथून पुढे फोटो पाठवताना तिला विचार. संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली बालहक्कांची संहिता स्वीकारली, तिच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खासगीपणाचं संरक्षण आहे. तुझ्या घरात त्याचा अर्थ एवढाच, की तो फोटो आधी तिचा आहे, मग तुझा.

एका बाबतीत मात्र सावध राहा. आडोसा मागणं हे वाढीचं लक्षण. पण त्यासोबत झोप उडाली, अंथरूण ओलं होऊ लागलं, एखाद्या विशिष्ट माणसाकडे जायला ती घाबरू लागली, तर त्याला लाजणं समजून सोडून देऊ नकोस. जवळ बस, उलटतपासणी न करता ऐक, आणि ती जे सांगेल त्यावर आधी विश्वास ठेव. तू लिहिलंस त्यात असं काही दिसत नाही. ती खाते, खेळते, रात्री तुझ्याच कुशीत गोष्ट ऐकते. फक्त अंघोळ तिची तिला करायची आहे.

तेव्हा या आठवड्यात एक काम कर. दाराची कडी फार वर आहे, ती स्टुलावर चढून लावते असं तू लिहिलंस. ओल्या फरशीवर ते धोक्याचं. कडी तिच्या हाताला येईल अशी खाली बसव, आणि अडचणीच्या वेळी बाहेरूनही उघडता येईल अशी घे. बाहेरून उघडते हे तिच्यापासून लपवू नकोस. ती पडली किंवा तिने हाक मारली तरच उघडणार, तेही आधी दार वाजवून, असं तिला सांग. कडी बसवताना तिलाच स्क्रू धरायला दे.

तुझ्या,
बाई